न झिजता म्हातारे झालेले टायर

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या डोंगराळ ट्रॅकवर २००४ साली वॉल्टर रोर्ल या दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या रॅली ड्रायव्हरने पोर्शची करेरा जीटी ७ मिनिटं २८.७१ सेकंदांत फिरवून आणली. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, योर्ग बर्गमायस्टर या ड्रायव्हरने त्याच मॉडेलची गाडी तिथे पुन्हा पळवली आणि त्याला ७ मिनिटं १२.६९ सेकंद लागले. ज्या धंद्यात एकेका सेकंदासाठी कारखान्यांतले दिवे रात्रभर जळतात, तिथे सोळा सेकंद म्हणजे चेष्टा नव्हे. इंजिन मात्र तेच होतं, दहा सिलिंडरचं आणि ६१२ अश्वशक्तीचं. फरक पाडला तो मिशेलिनने या जुन्या गाडीसाठी नव्याने बनवलेल्या टायरांनी.

याच मॉडेलची दुसरी हकिकत कॅलिफोर्नियातली. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी सांता क्लॅरिटा गावात एक करेरा जीटी खांबावर आणि झाडांवर आदळली. चालवणारा रॉजर रोडास आणि शेजारी बसलेला ‘फास्ट अँड फ्युरिअस’मधला नट पॉल वॉकर, दोघेही गेले. तपास करणाऱ्या पोलिसांच्या मते वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान होता, तोही ताशी ७२ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर. अपघाताचं कारण वेग, असाच निष्कर्ष निघाला. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. पण अहवालात आणखी एक नोंद आहे: गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे तिच्या पकडीवर परिणाम झालेला असू शकतो.

स्पोर्ट्स कारला नवे टायर घेताना या दोन्ही हकिकती शेजारी ठेवाव्यात. आपल्याकडे चर्चा बहुधा पहिलीची होते. कोणता टायर किती चिकट, कोणाचा किती वेगवान, यावर पहाटे लोणावळ्याच्या नाश्त्याला जमलेली मंडळी तासभर बोलू शकतात. दुसरीकडे फारसं कोणी वळत नाही, आणि महाराष्ट्रातल्या गाड्यांचं खरं दुखणं नेमकं तिथे आहे.

हिशेब साधा आहे. इथली स्पोर्ट्स कार रविवारी पहाटे बाहेर पडते, ऊन चढायच्या आत परत येते आणि पावसाळ्याचे चार महिने बहुतेक वेळ झाकून ठेवलेली असते. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर धरा. अशा गाडीचे मागचे टायर पंधरा-वीस हजार किलोमीटर टिकतात असं मानलं, तर नक्षी संपायला सरासरी सात वर्षं जातील. पोर्शचं सांगणं असं की टायर सहा वर्षांहून जुना वापरूच नये. म्हणजे नक्षी शिल्लक असतानाच टायरचा काळ भरतो. मालक खाली वाकून बघतो, खाचा खोल दिसतात, रबर काळंभोर दिसतं. तो समाधानाने उठतो आणि एक्स्प्रेस-वेकडे वळतो.

रबर म्हातारं होतं ते ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेमुळे. उन्हात गच्चीवर राहिलेला रबर बँड ताणला की कसा तटकन तुटतो, तीच क्रिया टायरमध्ये संथपणे चालू असते. ती रोखायला कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनविरोधी रसायनं घालतात. गाडी चालते, टायर दबतो-उठतो, तसतसं हे मेण पृष्ठभागाकडे सरकत राहतं आणि वर पातळ थर धरतं. गाडी उभी असली की ही ये-जा मंदावते. त्यामुळे जपून ठेवलेल्या गाडीचा टायर रोज राबणाऱ्या टायरपेक्षा लवकर भेगाळू शकतो. मालकाच्या मायेचं असं उलटं फळ मिळतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने टायरच्या वार्धक्याचा अभ्यास करायला वापरलेले टायर गोळा केले, ते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्स शहरातून. कारण उघड आहे, तिथे ऊन पडतं. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला यातलं गणित वेगळं समजावून सांगायला नको.

वय वाचता येतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ लिहिलं असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत, गाडीखाली येते. म्हणून बसवलेल्या टायरचं वय बघायला कधी कधी गाडी उचलावी लागते. विकत घेताना ही अडचण नसते, कारण टायर हातात असतो. तेव्हा बघितलं नाही तर पुढे कोणी बघत नाही.

आता प्रत्यक्ष एक गाडी घेऊ. पोर्श ९११ करेरा एस, २०१७ची. पुढचा टायर २४५/३५ झेडआर २० (९१वाय), मागचा ३०५/३० झेडआर २० (१०३वाय). पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा सांगतो की कडेची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा २० हा रिमचा व्यास, इंचांत. ९१ आणि १०३ हे वजनाचे निर्देशांक: पुढचा एकेक टायर ६१५ किलो पेलतो, मागचा ८७५. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, आणि तो कंसात असला की ३००च्याही वर. ही गाडी ३००च्या थोडी पुढे जाते, म्हणून कंस.

इथे कोणीतरी विचारतंच, की समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा १२०ची, मग ३००चा टायर कशाला? पैसे वाचवून २४०चा घ्यावा. शंका रास्त आहे, उत्तर मात्र नाही असंच आहे. वेगाचं अक्षर म्हणजे टायर उष्णता किती सोसतो आणि त्याचा सांगाडा किती ताठ आहे, याचीही खूण. वळणावर गाडीचं वजन एका बाजूला कलंडतं, ब्रेक दाबला की पुढे ढकललं जातं. तो भार पेलण्याचं गणित गाडी बनवणाऱ्याने त्या ताठपणावर बेतलेलं असतं. हलक्या अक्षराचा टायर लावला तर गाडी १२०लाही पूर्वीसारखी वागत नाही.

पुढचे-मागचे टायर वेगळे का, याचं उत्तर ९११च्या इतिहासात आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. वजनाचा मोठा वाटा तिकडेच. १९६४च्या पहिल्या ९११ला चारही चाकांवर १६५ मिलिमीटरचे सारखे टायर होते. वळणावर मागची बाजू निसटायची, इतकी की पोर्शने काही वर्षं पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत बिडाची वजनं बसवून गाडी पाठवली. १९६९च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. पुढे सत्तरच्या दशकात पिरेलीचा पी-७ हा बुटका, रुंद टायर आला आणि ९११ टर्बोने मागे जास्त रुंद, पुढे कमी रुंद अशी जोडी घेतली. बिडाच्या वजनांनी जे जेमतेम साधत होतं, ते रबराने नीट साधलं. म्हणून ९११ला पुढे-मागे टायर अदलाबदल करून सारखे झिजवण्याची आपली नेहमीची युक्ती चालत नाही. मागचे आधी संपतात, मागचे आधी बदलावे लागतात.

पोर्शच्या टायरवर आणखी एक छोटी खूण असते, ‘एन’ आणि पुढे आकडा: एन०, एन१, एन२. बीएमडब्ल्यू तारा छापते, मर्सिडीज ‘एमओ’, ऑडी ‘एओ’. अर्थ एकच, हा टायर आमच्या गाडीवर तपासून आम्ही मान्य केला आहे. त्याच नावाचा बिगर-खुणेचा टायर दिसायला हुबेहूब, पण आतली बांधणी आणि रबराचं मिश्रण वेगळं असू शकतं. आकडा दर्जाचा नसून आवृत्तीचा आहे. एन१ ही एन०ची सुधारून मान्य केलेली आवृत्ती. एका गाडीवर दोन आवृत्त्या किंवा दोन कंपन्या मिसळू नयेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ. खुणेवाचून गाडी चालत नाही असं नाही. जाणकार मालक बिगर-खुणेचे चारही टायर एकाच जातीचे लावून सुखाने हिंडतात. पण पुढे एक आणि मागे भलतंच, हा प्रकार मी तरी कोणालाही सुचवणार नाही. चारही चाकं ओढणारी करेरा ४एस असेल तर मुळीच नाही, कारण टायरच्या घेरातला फरक तिथे थेट गिअरच्या यंत्रणेवर ताण आणतो.

हे सगळं ठरवून दुकानात गेलं की भारतातली निराळी अडचण पुढे येते. टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश २००९चा. परदेशी कारखान्यालाही इथल्या मानक ब्युरोचा परवाना लागतो. १२ जून २०२० रोजी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकली, म्हणजे आणायचे तर परवाना हवा. हेतू देशी कारखानदारीला बळ देण्याचा. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, सीएटचे नाशिकला आणि भांडुपला आहेत. तरीही ३०५ मिलिमीटर रुंदीचा, २० इंची, एन खुणेचा टायर लागला की नजर परदेशी गोदामाकडेच जाते. अशी मापं कमी खपतात, म्हणून ती मोजक्या संख्येने येतात आणि गोदामात पडून राहतात. पुढचं माप मिळतं तेव्हा मागचं नसतं. दोन्ही मिळाली तर एकाची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघते.

इथेच मालक घसरतो. चार टायरांचा खर्च लाखाच्या बराच पुढे जाणार, महिनाभर वाट पाहिलेली, त्यात दुकानदार ‘फ्रेश स्टॉक’ म्हणतोय. थंड, अंधाऱ्या गोदामात नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांचा असेल तर किंमत तशी कमी करून मागावी, कारण सहापैकी दोन वर्षं विक्रेत्याने खाल्ली आहेत. तीन वर्षांचा असेल तर सरळ उठावं. आपल्या वापराला वर्षंच मोजायची आहेत, किलोमीटर नव्हे; तेव्हा मिलिमीटरभर जास्त नक्षीपेक्षा वर्षभर कमी वय जास्त मोलाचं.

मग जात कोणती? शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनलेला आणि रस्त्यावर चालवायला कायद्याने मुभा असलेला टायर, उदाहरणार्थ मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २, हा मोह मोठा असतो. नुर्बुर्गरिंगवर करेरा जीटीला लावलेले ते नवे टायर याच जातीचे होते. पण तो तापल्यावर पकडतो. रविवारी पहाटे सहाला, थंड रबरावर, खंडाळ्याच्या ओल्या वळणाला त्याची पकड तशी नसते. त्याच्या खाचा उथळ आणि कमी असतात, आणि तो लवकर झिजतो. वर्षातून दोनदा कोईमतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने त्यासाठी रिमचा वेगळा संच ठेवावा. बाकीच्यांनी एक पायरी खाली उतरावं: मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस, पिरेलीचा पी झीरो, काँटिनेंटलचा स्पोर्टकाँटॅक्ट, अशी ती जात. पायलट स्पोर्ट ४ एसमध्ये बाहेरच्या खांद्याला कोरड्या रस्त्यासाठी एक रबर आणि आतल्या भागाला ओल्यासाठी दुसरं, असं दुहेरी मिश्रण आहे. आपल्या हवामानाला हे बेतलेलं वाटतं, जरी ते बनवताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोकणचा पाऊस खचितच नसेल.

पावसाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण रुंद टायरवाल्यांना तोच सगळ्यात उशिरा कळतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न या संशोधकाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि १०.३५ने गुणायचं, टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल ते ताशी मैलांत मिळतं. दाब ३६ पीएसआय धरला तर वर्गमूळ ६, उत्तर ६२ मैल, म्हणजे जवळपास १०० किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला गाडीची मर्यादा तेवढीच आहे. सूत्र विमानाचं आहे आणि खाचांतून पाणी बाहेर फेकता येत नाही अशा स्थितीचं आहे. चांगली नक्षी हा आकडा वर नेते. पण टायर जितका रुंद, तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. त्यात ९११चं नाक हलकं, त्यामुळे पुढचे टायर आधी तरंगतात आणि स्टिअरिंग अचानक निर्जीव लागतं. पुढच्या पिढीच्या ९११मध्ये, ९९२ या मॉडेलमध्ये, पोर्शने चाकांच्या कमानीत पाण्याचे उडते शिंतोडे ऐकणारे सेन्सर बसवले आणि ‘वेट’ नावाची वेगळी पद्धत दिली. कंपनीलाच एवढी धास्ती, तर आपण नक्षीबाबत कायद्याच्या किमान पातळीपर्यंत का थांबावं? केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारला १.६ मिलिमीटर खोली चालते. पावसाळ्यात ९११सारख्या गाडीवर तीन मिलिमीटरला टायर काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरच्या कडेला ‘ट्रेडवेअर ३००’ असलं काही छापलेलं असतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांच्या ठरलेल्या वर्तुळावर टायर ७,२०० मैल पळवतात, १०० गुणांच्या प्रमाण टायरशी त्याची झीज ताडून पाहतात आणि गुण देतात. गुण देणारा मात्र खुद्द उत्पादक असतो. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर पारखायला हा आकडा बरा, दोन कंपन्यांमध्ये त्यावरून भांडण लावू नये. युरोपच्या लेबलवरची ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची श्रेणी आपल्या जास्त कामाची. तिथे ए बघावी.

खड्ड्यांचं काय? ३०५/३०ची कड फक्त सुमारे ९२ मिलिमीटर उंच, पुढची ८६. खड्ड्याच्या धारेवर टायर आपटला की रिम आणि रस्ता यांच्यात कड चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी कडेला फुगा दिसतो. फुगा आला की टायर संपला. कडेचं पंक्चर कोणी काढून देतो म्हणाला तरी काढून घेऊ नये. हवा कमी असेल तर हे लवकर होतं, म्हणून गाडी ‘मऊ’ चालावी म्हणून हवा उतरवणं हा उपाय उलटा पडतो. साध्या करेराला १९ इंची रिम येते आणि तिच्या टायरची कड आठ ते बारा मिलिमीटर जास्त उंच असते. एसचे मोठे ब्रेक त्या रिममध्ये मोकळे बसतात का हे आधी तपासून, कंपनीच्या मान्य मापांच्या यादीत राहून, रिमच एक इंच लहान करावी, हा पर्याय दिखाऊ मंडळींना पटणार नाही. ज्याची गाडी खरोखर शहरात चालते त्याने त्याचा विचार करावा. ९११ला स्टेपनी नसते, सोबत पंक्चर बुजवायचं द्रव्य आणि छोटा कंप्रेसर असतो. कड फाटली तर त्यांचा काही उपयोग नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात. रिमला ओरखडा न पाडणारं यंत्र आणि बोल्ट मापात आवळणारा टॉर्क पाना असलेलंच दुकान निवडा. नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असते, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर येते. हे सांगावं लागतं आणि नंतर बघावंही लागतं. दाबाचे सेन्सर तपासून घ्या, अलाइनमेंट करून घ्या. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून.

तेव्हा या २०१७च्या करेरा एससाठी माझा कौल असा: एन खुणेचे, रस्त्यासाठी बनलेल्या जातीचे, चारही एकाच आवृत्तीचे आणि वर्षभराच्या आत बनलेले टायर. बसवल्याच्या नव्हे, बनल्याच्या तारखेपासून सहा वर्षांनी ते उतरवायचे, खाचा कितीही खोल दिसोत.

आणि उतरवलेल्या टायरांचं काय होतं, तेही बघा. टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकणारे नियम जुलै २०२२मध्ये आले आहेत. तरीही पाच मिलिमीटर नक्षी असलेला, नामांकित कंपनीचा, रुंद टायर दुकानाच्या मागच्या बाजूने सेकंडहँड बाजारात जाणं अवघड नाही. तिथे तो कोणाला तरी स्वस्तात मिळालेली चैन वाटतो. चार आकडे वाचायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि हा टायर गुळगुळीत नसल्यामुळे संशय यायलाही जागा नसते. म्हणून बिल चुकतं केल्यावर लगेच निघू नका. तुमच्या जुन्या चारही टायरांच्या कडेला समोर उभं राहून छेद द्यायला लावा, आणि मगच गाडी बाहेर काढा.